अर्धा तुटलेला फड

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ‘प्रोग्राम’ म्हणजे ऊसतोडणीचा क्रम. कोणाचा ऊस आधी तुटणार आणि कोणाचा नंतर, हे ज्यावरून ठरतं ती यादी. त्यामुळे १९९६ साली बारामतीतल्या भिगवण रस्त्यावरच्या एका खोलीत मेघना आणि संघपाल कारखान्यासाठी संगणकावर ही यादी काढायचं काम करू लागले, तेव्हा शेतकी अधिकारी मोहनराव भेटेल त्याला सांगत, “प्रोग्रामाचा प्रोग्राम चाललाय.” सुरुवातीला दोघेही हसायचे. गणपती होऊन गेल्यावर हसणं बंद झालं.

दोघे पॉलिटेक्निकचे वर्गमित्र. मेघनाचं माहेर कळसचं, सासर बारामतीत. संघपाल इंदापूरचा, वडील एसटीतून निवृत्त व्हायला आलेले, धाकटा भाऊ सुमित अजून शिकत होता. पुण्याच्या एका कंपनीने संघपालला बोलावलं होतं. कारखान्याचं काम या हंगामात सुरू झालं तर वर्षभराच्या देखभालीचा करार होणार होता आणि मग तो बारामतीतच राहणार होता. नाही झालं, तर दसऱ्यानंतर पुणे. तो गेला की ऑफिस फारसं उरत नाही, हे मेघनाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रोग्रामची मांडणी दोघांनी मिळून केली होती. कारखान्याच्या नोंदीच्या कागदावर ‘उसाचा प्रकार’ असा रकाना होता आणि त्यात चार चौकोन: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. पहिली तीन नावं लागणीच्या हंगामावरून, चौथं तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं. त्यांनी ‘ऊस’ हा मूळ क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, केला आणि त्याच्याखाली चार चौकोनांचे चार क्लास. मूळ क्लासमध्ये जे लिहिलं ते चौघांना आपोआप मिळायचं. पक्व व्हायला लागणारे महिने तेवढे ज्याचे त्याचे वेगळे. ऊस तुटल्याची नोंद झाली की प्रोग्राम ‘सुरू’ पुसून त्या जागी ‘खोडवा’ ठेवायचा आणि लागणीच्या तारखेवर तोडीची तारीख चढवायचा. बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाचं वय तोडीपासूनच धरतात, त्यामुळे यात काही वावगं वाटलं नाही. मांडणी नीटनेटकी होती. तिचा दोघांनाही अभिमान होता.

तपासणीसाठी त्यांनी मागच्या हंगामाच्या नोंदी भरल्या आणि जानेवारीअखेरची यादी छापली. प्रिंटरचा कर्कश आवाज थांबल्यावर मेघना कागद फाडून गावागावाने वाचू लागली. अंथुर्ण्याच्या गटात तिच्या मामांचं, झुंबर तात्यांचं नाव नव्हतं.

जानेवारीत ती मामांकडे गेली होती. निम्मा फड तुटला असताना पाटाला पाणी सुटलं, फुटलेल्या चारीचं पाणी रानात शिरलं, बैलगाड्या आत जाईनात, आणि तोडणीची टोळी दुसरीकडे गेली. राहिलेला निम्मा ऊस पुढे महिन्याभराने तुटला, कारण गावात तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला तो रोज रस्त्यावरून दिसत होता. त्यांच्या प्रोग्रामला मात्र तोडीची एक नोंद मिळाली आणि त्याने सगळा फड खोडवा करून टाकला. उभा ऊस यादीतून गेला. लागणीची मूळ तारीखही पुसलेली होती, म्हणजे परत आणायचा म्हटलं तरी वाट नव्हती. मग त्यांनी नुसते असेच फड शोधले. बऱ्याच गावांत निघाले.

संघपाल पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवून म्हणाला की आणखी एक क्लास करू, अर्धखोडवा. सुरूचेही गुण घेईल आणि खोडव्याचेही. चार दिवसांत होईल, यादी वेळेवर जाईल.

“आणि आडनाव कुठल्या बापाचं लावायचं त्याला?” मेघना म्हणाली.

“दोन्ही लावू. हंगाम निघंल एवढा.”

तिने विचारलं की पाऊण तुटला तर काय करायचं, आणि खोडवा ठेवायचा सोडून कोणी नांगरच घातला तर? उत्तर संघपाललाही ठाऊक होतं. दर अडचणीला एक क्लास, आणि सगळे एकमेकांत अडकलेले.

चूक कुठे झाली ते तिला संध्याकाळी चहा करताना दिसलं. खोडवा हा प्रकारच नव्हता. त्याच जमिनीवर, त्याच बुडख्यातून, तोडीनंतर उसाला आलेली ती अवस्था होती. कारखान्याने प्रकार म्हटलं आणि दोघांनीही मान डोलावली, कारण दोघेही उसातच वाढलेले. बाहेरून आलेल्या माणसाने निदान खोडवा म्हणजे काय, एवढं तरी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने संघपालला सगळं सांगितलं. प्रकार साठवायचाच नाही. घडलेलं तेवढं लिहायचं: लागण झाली, इतका तुकडा तुटला, इतका नांगरला. लिहिलेलं पुन्हा पुसायचं नाही; चुकीची नोंद रद्द करायची तर रद्द केल्याचीही नोंदच करायची. आणि आज या तुकड्यात काय उभं आहे, हे विचारलं की एका फंक्शनने त्या नोंदी वाचून उत्तर द्यायचं. त्या फंक्शनने कशालाही हात लावायचा नाही.

संघपालने ते कागदावर मांडून पाहिलं. “बरोबर हाय,” तो म्हणाला. “पण ह्या हंगामात होत न्हाय.”

“न्हाय होत.”

“मग मी जाणार, मेघना.”

“माहितीये.”

“तू गप्प बसली असतीस तर मला दिसलं नसतं.”

“मामांना दिसलं असतं,” ती म्हणाली. “यादी बघायला ते चष्मा घेऊनच येतात.”

कारखान्यात दोघे मिळूनच गेले. मोहनरावांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, मग अर्धखोडव्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

“म्हंजे चालतोय, पर चुकतोय.”

“व्हय,” संघपाल म्हणाला.

“न चालता तर बरं झालं असतं. कुणाला फसायला तरी झालं नसतं.” त्यांनी गेल्या सालची वही पुढे ओढली. “औंदा हातानंच काढू. फुडल्या साली या. मी हितं असलो तर बघू.”

कराराचा विषय त्यांनी काढला नाही. यांनीही नाही. परतीच्या वाटेवर स्कूटर संघपालच चालवत होता. भवानीनगरला पेट्रोल भरताना त्याने सांगितलं की जायच्या आधी नोंदी फायलीतून वाचून घ्यायचा भाग तो पुरा करून देईल, आणि तसा त्याने दिला.

दिवाळीनंतर खोलीत मेघना एकटी होती. भाडं निघावं म्हणून तिने तिथे डॉस आणि वर्डस्टारचे क्लास सुरू केले. त्यांच्या मधल्या वेळात ती उत्तर काढणारं ते फंक्शन लिहायची. एका दुपारी वडगाव निंबाळकरच्या एका फडाला पहिल्यांदा दोन उत्तरं आली: वरचा तुकडा सुरू, खालचा खोडवा, वयं वेगवेगळी, दोन्ही बरोबर. तिने त्याच नोंदी पुन्हा चालवल्या. उत्तर तेच आलं. हे ज्याला सांगावं असा माणूस आता खोलीत नव्हता, आणि पुण्याला एसटीडी फोन करण्याइतकं ते मोठं नव्हतं.

बाहेर पुढच्या तासाची मुलं चपला काढत होती. तिने काम फ्लॉपीवर उतरवलं आणि दार उघडलं.