हात अज्ञात

"मामा, जरा खाली वाकून बघता? कारागिराचं नाव कुठे कोरलंय का?"

लिलावघरात याद्या लिहिणारी मुलगी हातात कागद घेऊन उभी होती. जुन्या लाकूडसामानाची डागडुजी करणारे मामा खाली बसले तेव्हा गुडघ्यांनी कुरकुर केलीच. समोर बाजूंना हात असलेल्या दोन इंग्रजी खुर्च्या होत्या, दोनशे वर्षांच्या, लाकडावर सोन्याचा वर्ख चढवलेल्या. एकीचं सोनं विटून चहाच्या रंगाचं झालेलं, दुसरीचं अजून झळकत होतं.

"नाव नाही," मामा म्हणाले.

"आणि या दुसरीवरचा वर्ख? हा मागाहून चढवलाय. वीसेक वर्षं झाली असतील."

"बावीस."

"म्हणजे तुमचं काम! मी आपलं 'हात अज्ञात' लिहून ठेवलंय. खोडते, तुमचं नाव घालते."

"राहू दे," मामा म्हणाले. मुलीला वाटलं, केवढा साधा माणूस!

साधेपणा कसला, चोराच्या मनात चांदणं! मामांना वर्ख कधी जमलाच नव्हता. जुना थर खरवडणं, लाकूड घासणं, लाल मातीचा लेप देणं हे त्यांचं. पण वर्खाचं पान नुसत्या श्वासानेही उडतं आणि मामांचा हात ऐन तारुण्यापासून थरथरणारा. पान उचलायची ती त्यांची बायको. मऊ केसांचा चपटा कुंचला स्वतःच्या गालावरून फिरवायचा, मग त्या पुसट तेलकटपणाला पान अलगद चिकटून येतं. जेवायला वाढताना तिचा एक गाल चमकत असे. "पुसू नकोस," मामा म्हणत, "तेवढाच दागिना."

गिऱ्हाइकं मात्र म्हणत, "मामा, सोन्याचा हात आहे हो तुमचा!" मामा नुसते हसत. ती चहा टाकायला आत जाई. एकदा तिने विचारलं होतं, "एकदा तरी सांगाल का हो कुणाला?" "सांगू की, घाई काय आहे," मामा म्हणाले होते. तिला जाऊन तीन वर्षं झाली, सांगायचं राहूनच गेलं. त्याची मामांना मनापासून लाज वाटे.

लिलावाच्या दिवशी ते मागच्या रांगेत, यादीवालीच्या शेजारी बसले. हातोडेवाल्याने माइकवरून वाचलं, "इंग्रजी खुर्च्यांची जोडी. एकीचा वर्ख मूळचा. दुसरीचा नंतरचा, हात अज्ञात."

मामांचा हात वर गेला.

"मागच्या रांगेतून बोली आली!" हातोडेवाला ओरडला.

"बोली नाही हो," मामा उभे राहिले. "चूक आहे. हात अज्ञात नाही."

"अरे, मामा तुम्ही! तुमचाच ना मग?"

"माझा नाही. हा बघा माझा हात." त्यांनी तो सगळ्यांसमोर धरला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "याने वर्ख उचलता येईल का? सगळा वर्ख माझ्या बायकोने चढवायचा आणि शाबासकी मी खायची, असं चाललं आमचं जन्मभर."

कुणीतरी हसलं. हातोडेवाल्याने हातोडा खाली ठेवला. "नाव सांगा," तो म्हणाला.

मामांनी सांगितलं. घरात ते तिला 'अगं' म्हणत, त्यामुळे स्वतःच्याच तोंडून तिचं नाव त्यांना नवीनच वाटलं. हातोडेवाल्याने ते माइकवरून म्हटलं, मग पुन्हा एकदा, आडनावासकट. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मान वळवून झळकत्या खुर्चीकडे पाहिलं. मग बोली सुरू झाली.

मामा खाली बसले. शेजारी मुलीने यादीतला 'अज्ञात' शब्द खोडला, वर नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

"बरोबर आहे ना?"

मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"वेलांटी दुसरी," ते म्हणाले. "पहिली काढली की ती चिडायची."