अकरा वेळा आभार

मी एक जुना दिवा आहे. गाडीच्या मागच्या अंगाचा, डावीकडचा, नारिंगी. आम्ही चार भाऊ. चालकासमोर लाल त्रिकोणाचे एक बटण असते, ते दाबले की आम्ही चौघे एकदम लुकलुकू लागतो. पुढचे दोघे सुखी आहेत, त्यांना फक्त येणारा रस्ता दिसतो. मागे काय राहून गेले ते आम्हा मागच्यांनाच दिसते. मित्रांनो, म्हणून तर ही गोष्ट मला सांगावी लागत आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एकच वाक्य शिकवले होते : 'आमची गाडी अडचणीत थांबली आहे, जपून या.' मला तपासणाऱ्या माणसाने तीन मिनिटे लावून पाहिले आणि मान हलवली. त्याहून मोठी शाबासकी तिकडे देत नाहीत, असे ऐकले आहे.

पुढे गाडी जुनी झाली, विकली गेली, आणि किर्गिझस्तानात मेदेरच्या हाती आली. मेदेर तोक्तोगुलहून अलाबेल घाट चढून बिश्केकपर्यंत प्रवासी नेत असे. माणूस मोठा बोलका, भेटेल त्याला 'आके', म्हणजे दादा, म्हणणारा. मी एका वाक्याचा दिवा, पण त्याने मला वर्षभरात वक्ता करून सोडले. कोणी वाट दिली की बटण दोनदा, म्हणजे 'आभारी आहे'. मेव्हणा दिसला की तीनदा. लग्नाची वरात असली की सबंध रस्ताभर. बाजारात भर दारात गाडी लावायची असली तरी मीच.

एकदा वाहतूक पोलिसाने काच ठोठावली. "मेदेर, इथं थांबायला मनाई आहे."

"थांबलोय कुठे आके? लुकलुकतोय!"

पोलीस विचारात पडला. पाटीवर लुकलुकण्याविषयी खरोखरच काही लिहिलेले नव्हते. तो निघून गेला. जाताना त्याने स्वतःच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकवले.

मला लाज वाटायला हवी होती. मित्रांनो, खरे सांगतो, मला मजा वाटत होती. एका वरातीत नवरीच्या आजीने माझ्यावर रेशमी फीत बांधली आणि म्हणाली, "केवढा आनंदी दिवा आहे गं हा!" चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही.

त्या घाटातली आणखी एक रीत सांगायला हवी. धुके उतरले की तिथले सगळे चालक लाल त्रिकोण दाबूनच गाडी चालवतात. सगळा घाट लुकलुकत वर चढतो आणि लुकलुकत खाली उतरतो. चालणारी गाडी कोणती आणि थांबलेली कोणती, हे मग देवालाच ठाऊक.

ऑक्टोबरातल्या अशाच एका दुपारी आम्ही घाट चढत होतो. मेदेरच्या शेजारी त्याची मावशी तुर्सुनाय बसली होती, मांडीवर दह्याचा डबा घेऊन. वरच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, एक पांढरी गाडी लुकलुकताना दिसली.

"अगं, ही तर ओस्मोनकुल आकेंची गाडी!" मेदेर म्हणाला. "मध घेऊन निघालेले दिसतायत. बघ, कडेला सरकून मला वाट देतायत. याला म्हणतात जुनी माणसं!"

"फारच हळू चाललेत रे," तुर्सुनाय म्हणाली.

"सत्तरीत तू रॉकेट चालवशील?"

आम्ही पुढे गेलो. पांढरी गाडी माझ्यासमोर आली आणि तेव्हा मला दिसले की तिची चाके फिरत नव्हती. काचेमागे ओस्मोनकुल आके एका हाताने छाती धरून बसले होते. दुसरा हात त्यांनी वर केला.

"हात केला त्यांनी," तुर्सुनाय मागे वळून म्हणाली.

"आशीर्वाद देतायत," मेदेर म्हणाला, आणि त्याने बटण दोनदा दाबले.

मित्रांनो, मला ओरडायचे होते. पण माझ्या तोंडी त्या क्षणी 'आभारी आहे' होते. दुसरे काही म्हणण्याच्या आत ती गाडी धुक्यात विरली. तिचे दिवे मात्र बराच वेळ दिसत राहिले. ते माझेच वाक्य म्हणत होते, कारखान्यात शिकवलेले, एका शब्दाचाही बदल न करता.

संध्याकाळी एक गुराखी कुरणावरून घोडे घेऊन उतरत होता. लुकलुकणे म्हणजे आभार, हे घोड्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते थांबले. गुराख्याने आत डोकावले. तोपर्यंत गाडीची बॅटरी संपत आली होती आणि ओस्मोनकुल आके संपले होते.

त्यांच्या अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला. तिथल्या रीतीप्रमाणे पुरुष मोठ्याने रडत अंगणात आले. मग चहा आला, आणि हळूहळू एकेक जण बोलू लागला. "मी त्यांना वळणावर पाहिलं. मला वाट दिली त्यांनी." "मलाही." "मी आभारसुद्धा मानले." असे एकूण अकरा जण निघाले. अकराव्या वेळी मेदेर बोलला.

तंबूत आकेंची बायको बुरुल बसली होती; सगळे तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत. ती बाहेर आली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"अकरा जणांनी पाहिलं त्यांना. मग मला कोणीतरी सांगा, ते काय म्हणत होते?"

मी अंगणातच, गाडीच्या मागच्या अंगाला, सगळ्यांसमोर होतो. मला उत्तर येत होते.

त्यानंतर मेदेर बदलला. दुकानातून त्याने परावर्तक त्रिकोण आणला, तो रस्त्यावर मागे ठेवतात तसला. आभार मानायचे तर हात वर करू लागला. चालत्या गाडीत बटण दाबणे सोडलेच. धुक्यात तो आता साधे दिवे लावून सावकाश जाई. आणि कुठेही लुकलुकणारी गाडी दिसली की थांबे. घाटात पूर्वीसारखेच सगळे लुकलुकत असल्यामुळे बिश्केकला पोहोचायला त्याला दुप्पट वेळ लागू लागला. एकदा त्याने वीस गाड्यांची वरात थांबवली.

"काय झालं?" धावत जाऊन त्याने विचारले.

"लग्न झालं!" नवरदेव म्हणाला.

लोक हसले. "मेदेरला धुकं चावलंय," म्हणू लागले. प्रवासी कमी झाले. तुर्सुनायसुद्धा दुसऱ्या गाडीने जाऊ लागली, कारण दह्याचे ताक होत होते.

पण ते हसणारे माझ्या जागी नव्हते. धुके पडले की त्या वळणानंतर आमच्या मागे दोन दिवे येत. नेहमी तेवढ्याच अंतरावर. लुकलुकत. पुढच्या भावांना सांगितले तर ते म्हणाले, "आम्हाला नाही दिसत." मेदेर आरशात पाही. मग तो आरसा पुसत असे, आतून आणि बाहेरून, पुन्हा पुन्हा.

मे महिन्यात बुरुल एजे स्वतः मध विकायला निघाली. तिने मेदेरचीच गाडी निवडली. वरच्या वळणाच्या अलीकडे धुके आले, आणि चढावर आमच्या गाडीचे पाणी उकळले. मेदेरने गाडी जमेल तितकी कडेला घेतली, बटण दाबले आणि त्रिकोण घेऊन मागे चालत गेला. पन्नास पावलांवर ठेवून परत आला.

टिक, टिक, टिक. गाडीत दुसरा आवाज नव्हता. मी माझे वाक्य म्हणू लागलो. कित्येक वर्षांनी मी ते खरे म्हणत होतो.

एक गाडी आली. त्रिकोणाला वळसा घालून पुढे गेली आणि दोनदा लुकलुकली. दुसरी आली. तीही.

"आभार मानतायत," बुरुल एजे हळूच म्हणाली.

मेदेरने मान खाली घातली. "हो, एजे."

तिसरी गाडी अंड्यांची होती. ती पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबली आणि जाडजूड चालक धापा टाकत मागे आला. त्याने बुरुल एजेच्या काचेत वाकून विचारले, "एजे, काय झालं?"

बुरुल एजे त्याच्याकडे बघत राहिली.

"एवढंच," ती म्हणाली. "एवढंच ऐकायला बसले होते ते."

आणि मग ती रडली. अंडेवाला गोंधळून म्हणाला, "एजे, पाणी आहे माझ्याकडे. दोन कॅन आहेत." मेदेर रस्त्याकडे पाठ करून उभा होता. माझ्यासमोर तोच होता, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर पेटत-विझत राहिलो.

मित्रांनो, मला आता तडा गेला आहे आणि पावसाचे पाणी आत शिरते. एवढेच सांगतो. आभार मानायला तुम्हाला हात दिले आहेत. वरातीला ढोल पुरे आहे. मला फक्त अडचणीत थांबलेल्या गाडीसाठी ठेवा. आणि कुठे मी लुकलुकताना दिसलो, तर आधी चाकांकडे पाहा. फिरत नसतील तर वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि विचारा; लहान असाल तर मोठ्यांना थांबायला लावा.

आज पुन्हा धुके आहे. आम्ही घाट उतरत आहोत, मी विझलेलाच आहे. मागे दोन दिवे आहेत, नेहमीच्याच अंतरावर. मेदेरने आरशात पाहिले, गाडी कडेला घेतली, बटण दाबले आणि तो खाली उतरून त्यांच्याकडे चालत निघाला आहे.