वास येईपर्यंत

"काहे की बदबू? गाव तो एकदम साफ है," छिंदवाड्याहून तपासणीला आलेले साहेब मंगलाला म्हणाले.

हवेत शेण आणि उदबत्तीशिवाय कसलाच वास नव्हता. बोरगावजवळच्या कारखान्याच्या घाणेरड्या धुराविरुद्ध वस्तीतल्या बायांनी वर्षभर ओरड केली, तेव्हा कुठे हे साहेब उगवले होते. भोपाळला गॅस सुटून दोन वर्षंही झाली नव्हती. धूर आला की वस्तीला धडकी भरायची. पण एवढा मोठा माणूस येणार म्हटल्यावर त्याला घाण कशी दाखवायची? मंगलानेच घरोघरी सडे घालायला लावले, उदबत्त्या पेटवल्या. कारखान्यानेही शहाणपणाने धूर बंद ठेवला. पाहुण्यापुढे घर आवरायची खोड अशी अंगाशी आली.

"सांजपर्यंत थांबा न, साहेब. मंग पाहा, नाक कसं जळते ते."

"टाइम नहीं है, बाई." साहेब जीपकडे वळले.

"गेलं सारं," शेजारची कलाबाई पुटपुटली. "आता कोणी येत नाही इकडं."

मंगला घरात धावली. मागच्या खोलीत तिचा नवरा उत्तम तोंडात पंच्याचा बोळा धरून खोकला दाबत पडला होता. साहेबांपुढे शोभा नको, म्हणून सकाळी तिनेच त्याला आत ठेवलं होतं.

"चाला, बाहेर चाला."

"अवं, तूच त म्हणे, बाहेर येऊ नका!"

"चुकलं माह्यं."

कलाबाईला हाताशी घेऊन तिने बाज अंगणात आणली. उत्तमने बोळा काढला आणि खोकला सुटला तो थांबेचना. साहेब जीपचं दार धरून उभे राहिले. मग परत आले, बाजेपाशी बसले, कधीपासून आहे, कुठला डॉक्टर, विचारू लागले. मंगलाने चहा ठेवला. दूध घरात असून आणायला गेली. साहेबांना कसंही करून सांजपर्यंत थांबवायचं होतं.

साहेब एव्हाना छिंदवाड्याला पोचले असतील, असं धरून कारखान्याने दिवस मावळताच धूर सोडला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. डोळ्यांतून पाणी आलं. "बाप रे! ये रोज होता है?"

"रोज, साहेब!" सारी वस्ती ओरडली. पोरं नाचायला लागली. त्या घाणीने माणसांना पहिल्यांदाच आनंद झाला होता. साहेबांची जीप कारखान्याकडे निघाली, तसे सगळे मागे धावले. कलाबाईसुद्धा.

अंगणात मंगला उरली. उत्तमचे ओठ निळे पडत होते, श्वास घशातच अडत होता. एका हाताने तिने त्याच्या नाकातोंडावर पदर धरला आणि दुसऱ्या हाताने ती एकटीच बाज दाराकडे ओढू लागली.