रिकाम्या मडक्यांची भिंत

मित्रांनो, मी अकोल्याचं एक जुनं मडकं आहे. पण पाणवठा मी कधी पाहिला नाही. गेली दहा वर्षं मी एका भिंतीच्या पोटात बसून आहे.

१९५६ साली खुशालराव कुंभारानं मला घडवलं. "हे तं लयच पातळ झालं!" चाकावरून उतरवतानाच तो म्हणाला. बाजारात आम्हा पातळ भावंडांना कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अंगणात आमची उतरंड लागली. शेजारी कापसातून सरकी काढायचं जिनिंग होतं, हंगामात दिवसभर यंत्रांची घरघर चाले. खुशालराव दुपारी आमच्यामागे आडवा होई, कारण तिथं आवाज कमी येई.

जिनिंगच्या पलीकडे प्रसूतिगृह होतं. तिथं नर्स बेबीताई गरोदर बायांच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकत. हंगामात ते त्या घरघरीत बुडून जात. खुशालरावाच्या लेकीचं, जमुनाचं, पहिलं बाळ असंच पोटातच गेलं. वेळेवर कळलंच नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

खुशालरावानं आम्हाला बैलगाडीत घालून प्रसूतिगृहात नेलं. "ताई, आतून दुसरी भिंत घाला. मधात हे ठेवा, तोंड बंद करून. रिकामेच."

देवराव गवंड्यानं मान डोलावली आणि मडक्यांचे पहिले थर गुपचूप चिखलानं ठासून भरले. भिंत वाळली, घरघर होती तशीच. बेबीताईंनी एक मडकं फोडून पाहिलं.

"काहून भरले रे, देवराव?"

"बाळंतिणीच्या खोलीत रिकामं मडकं? अपशकुन होते, ताई!"

जमुना दारातच उभी होती. "काका, माह्या पोटाले अपशकुन झाला तो या आवाजाचाच. रिकामे ठेवा."

 देवरावानं भिंत उतरवली, पुन्हा बांधली. तेव्हा भिंतीत बसायची माझी पाळी आली.

ऐन हंगामात, भर दुपारी जमुनाला कळा सुरू झाल्या. बाहेर जिनिंग चालूच होतं, पण खोलीत घरघर पुसट येत होती. नळीला कान लावून बसलेल्या बेबीताई एकदम उठल्या. "ठोके मंद होऊन राहिले. डॉक्टरले बोलवा, लवकर!" डॉक्टर वेळेवर आले. मुलगी झाली, रडली. ती आता शाळेत जाते.

मित्रांनो, माझ्यात भरायला काही शोधू नका. मला असंच राहू द्या. परवा कुणीतरी कॅलेंडर टांगायला खिळा घेऊन आलं, तेव्हा देवरावानंच त्याचा हात धरला.

"इथं नको ठोकू. आत रिकामं हाये."