ब्याण्णवची सरळ रेषा

लखनऊजवळच्या चिनहटच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा गर डब्यात भरणारा एक कारखाना आहे. त्या कारखान्यात सहा वर्षं एक रेषा सरळ चालली होती. बाकी तिथे सरळ असं काहीच नव्हतं. गेट तिरकं, शेड कललेली, हजेरीपट सोयीनुसार. त्यामुळे रेषेला भारी मान. तिचा एक नमुना काचेच्या फ्रेममध्ये घालून मॅनेजरच्या केबिनमध्ये टांगलेला होता, देवाच्या तसबिरीपेक्षा वीतभर वर.

रेषा तापमानाची होती. मलिहाबादहून आलेल्या दशहरी आंब्याचा गर पाइपातून जाताना वाफेनं बरोबर ब्याण्णव अंशांवर तापवायचा. कमी तापला तर डबा फुगणार, जास्त तापला तर गर करपणार. हे सांभाळायला कंट्रोलर नावाची पेटी असते. सेन्सर तिला तापमान कळवतो, ती ते ब्याण्णवशी ताडून बघते, कमी असेल तर वाफेचा व्हॉल्व्ह उघडते, जास्त असेल तर मिटत आणते. घरी आई दुधासमोर उभी राहून गॅस कमी-जास्त करते, तेच काम. फक्त पेटी ते करताना कुणाला बोल लावत नाही.

सांगलीचा निनाद खांबेटे या पेटीचा इंजिनिअर होता, पण प्रोबेशनवर. सहा महिने शुक्रवारी भरत होते. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई येणार होत्या, आणि चार्टखाली सही निनादची लागणार होती.

"तुझं काम एकच," मॅनेजर रमाकांत तांबे म्हणाले. अठ्ठावीस वर्षं लखनऊत काढल्यामुळे त्यांची मराठी आता भाड्याच्या घरात राहत असल्यासारखी होती. "लाइनला हात लावू नकोस. सीधी राहिली तर तू पर्मनंट. टेढी झाली, तर यार निनाद, माझ्या हातात काही नाही."

सोमवारी निनाद जुने चार्ट चाळत बसला. तीन जूनला बॉयलर चार तास बंद होता. वाफ नाही, गर नाही, पाइप गार. रेषा ब्याण्णवला. निनादला आधी अभिमान वाटला. मग हळूहळू शंका आली.

सेन्सरची वायर हातात धरून तो तिच्यामागे चालत निघाला. वायर पाइपापर्यंत आली, पाइपाला न शिवता पुढे गेली, खांबामागे वळली आणि एका स्टीलच्या थर्मासमध्ये उतरली. शेजारी स्टुलावर चंद्रशेखर मिश्र बसले होते. बावीस वर्षं इथेच असलेले ऑपरेटर. एका हाताशी किटली, दुसऱ्या हाताशी वाफेचा जुना, हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह.

"मिश्राजी, ये क्या है?"

"थर्मस है, भैया."

"इसमें सेंसर क्यों है?"

"बाहर ठंडा हो जाता है," मिश्राजी मायेनं म्हणाले.

हकिकत साधी होती. सहा वर्षांपूर्वी पाइपाला सेन्सरसाठी पाडलेल्या भोकातून गर गळायला लागला, म्हणून कुणीतरी भोक बुजवलं. सेन्सर बाहेर लोंबकळत राहिला, शेडमधली हवा मोजू लागला, भोंगा वाजू लागला. तांबेसाहेब येऊन म्हणाले, "कुछ भी करो, लाइन सीधी करो." मिश्राजींनी केली. दर पंधरा मिनिटांनी थर्मासमध्ये चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं, काचेच्या थर्मामीटरनं ब्याण्णव झालं का बघायचं. पेटी बिचारी थर्मासची काळजी वाहत व्हॉल्व्ह उघड-मीट करत राही, आणि थर्मासला त्याचा पत्ताही नसे.

"और पल्प का टेम्परेचर?"

"वो हम देखते हैं ना." मिश्राजींनी ओल्या फडक्याचा एक फटकारा पाइपावर मारला आणि ओला डाग वाळेपर्यंत मनात आकडे मोजले. "सात गिनने में सूखे तो ठीक. पाँच में सूखे तो भाप ज़्यादा." त्यांनी जुना व्हॉल्व्ह केसभर फिरवला.

निनादनं दोन दिवस विचार केला. गप्प बसलो तर नोकरी पक्की. पण मग चहाच्या पाण्याच्या तापमानावर जन्मभर सह्या करायच्या. बुधवारी सकाळी त्यानं भोक उघडलं, नवं वायसर घातलं आणि सेन्सर गरात बसवला. मिश्राजींना जुन्या व्हॉल्व्हला हात न लावण्याची विनंती केली. ते हात मांडीवर ठेवून बसले.

सहा वर्षांत पहिल्यांदाच पेटीला गर भेटला, आणि ती बावचळली. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव. सत्त्याऐंशी. वाफ लागलेला गर सेन्सरपाशी यायला चाळीस सेकंद लागायचे. म्हणजे पेटी चाळीस सेकंद शिळी बातमी वाचून घाईनं निर्णय घेत होती. निनादनं तिचा उतावळेपणा कमी करत आणला. संध्याकाळपर्यंत ती एकोणनव्वद ते पंचाण्णवमध्ये डोलायला लागली. त्यापुढे ऐकेना.

तांबेसाहेब येऊन चार्टसमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

"तापमान आहे, सर."

"मग इतकी वर्षं काय होतं?"

"चहाचं पाणी."

साहेबांनी डोलणाऱ्या रेषेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "अच्छा. तर मग ते परत लाव."

"सही माझी आहे, सर."

"परवापर्यंतच आहे ना," साहेब म्हणाले आणि गेले.

गुरुवारी तपासनीस बाई, हिमानी रस्तोगी, आल्या. त्यांनी स्वतःचं थर्मामीटर गरात घातलं, निनादचं सगळं ऐकून घेतलं, थर्मास उघडून आत पाहिलं. सहा वर्षांत त्यांच्याकडे एकही डबा फुगून आला नव्हता. हे त्यांना गुन्ह्यापेक्षा जास्त खटकत होतं. त्यांनी पेटी तासभर चालवून पाहिली. एकोणनव्वद ते पंचाण्णव. मग मिश्राजींना तासभर चालवून पाहिलं. एक्क्याण्णव ते त्र्याण्णव.

अहवाल शुक्रवारी आला. 'तापमान-नियंत्रण उपकरण: चंद्रशेखर मिश्र. अचूकता: अधिक-उणे एक अंश. पेटी इतकी अचूक होईपर्यंत हेच उपकरण वापरावे. इतर उपकरणांप्रमाणे याचेही कॅलिब्रेशन करून त्यावर तारखेचे लेबल लावावे. जबाबदारी: निनाद खांबेटे. जबाबदार व्यक्ती बदलल्यास माल घेतला जाणार नाही.'

तांबेसाहेबांनी शेवटची ओळ तीनदा वाचली. "तुला काढताही येत नाही, यार," ते हताशपणे म्हणाले आणि पर्मनंटच्या पत्रावर सही केली.

निनादनं मिश्राजींचं कॅलिब्रेशन केलं. स्टॉपवॉच लावून त्यांचं सातपर्यंतचं मोजणं पंचवीस वेळा तपासलं. फरक नगण्य. मग खिशावर लेबल चिकटवलं: नंबर, आजची तारीख, पुढची तारीख. मिश्राजींनी मान खाली घालून ते कौतुकानं वाचलं.

"बहुत अच्छा है, भैया. बस सोमवार से चार दिन हम नहीं हैं. भतीजी का ब्याह है, सीतापुर में."

"चार दिन? फिर बानवे कौन सँभालेगा?"

मिश्राजींनी स्टूल फडक्यानं पुसलं आणि अदबीनं त्याच्यापुढे सरकवलं.

"आप तो अब पर्मनंट हैं," ते म्हणाले. "बैठिए, अभी से सिखा देते हैं."