सॉकेटचे चार पाय

भावोजींचा वॉकीटॉकी माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्यावर अजून दगडाची भुकटी होती. मोठे साहेब स्वतः घेऊन आले. एरवी हा माणूस माझ्या दुरुस्तीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, धुराने डोकं दुखतं म्हणे. आज दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "दोन वाजता चौकशी अधिकारी येतायत. हा जरा चालू करून ठेव."

"तपासून ठेवू की चालू करून ठेवू?" मी विचारलं.

"तू हुशार आहेस," ते म्हणाले आणि निघून गेले. हुशार म्हणे! हुशार असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

चार दिवसांपूर्वी भावोजी, म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचा नवरा, खडी फोडण्याच्या मशीनच्या तोंडात उतरले. दगड अडकला होता. मशीनवाला भिंतीपलीकडे केबिनमध्ये बसतो, त्याला तिथून काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये काय ते हे वॉकीटॉकीचे सेट. भावोजी "उतरलो" एवढंच बोलले आणि त्यांच्या सेटची बॅटरी संपली. मशीनवाल्याने तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि त्याने बटण दाबलं.

आता तुम्ही म्हणाल, उत्तर आलं नाही तर कोणता शहाणा मशीन सुरू करतो? बाहेरच्या माणसाला असंच वाटणार. पण आमच्याकडे सेट अकरा आणि चार्जिंगची जागा एक, तीही साहेबांच्या खोलीत. जो तो सेट घरी नेऊन चार्ज करतो आणि बॅटरी जिवापाड जपतो. वर आला की पहिल्यांदा सेट बंद करतो. दोन वर्षं असंच चाललंय. त्यामुळे आमच्याकडे सेट गप्प झाला की माणूस सुखरूप वर आला, असाच अर्थ. हा नियम कुणी केला नाही, कुठे लिहिला नाही, पण सगळ्यांना पाठ. मशीनवाला तर भावोजींचा जिवलग. तो आता घरी भिंतीकडे तोंड करून पडलाय, अन्नाला शिवत नाही.

अधिकाऱ्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. सेट बिघडलेला होता, की भावोजींनी तो चार्जच केला नव्हता? बिघडलेला असेल तर दोष आमच्या कामाच्या जागेचा. चांगला असेल तर दोष मेलेल्या माणसाचा, आणि माझ्या ताईने जन्मभर ऐकायचं की नवरा निष्काळजी होता, स्वतःच्या कर्माने गेला. मी मनाशी पक्कं केलं, आत जे सापडेल ते जसंच्या तसं अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं. मग साहेबांचं नाक कापलं गेलं तरी बेहत्तर.

वायर लावली. लाल दिवा लागला. बोट लावलं, विझला. मागचे चार स्क्रू काढून सेट उघडला, तर वायर हलवली की आतलं चार्जिंगचं सॉकेट पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगत होतं.

या सॉकेटला वीज नेणाऱ्या बारीक तारा असतात आणि त्याला सर्किटच्या पट्टीवर घट्ट धरणारे चार जाड पाय असतात. वायरचा सगळा हिसका पायांनी सोसायचा. त्या चारही पायांना डाग, म्हणजे सोल्डर, दिलेलाच नव्हता. बारीक तारांना मात्र होता, चकचकीत, नीटस. तो हात मला ओळखता येणार नाही तर कुणाला? तो माझाच होता.

तीन आठवड्यांपूर्वी भावोजी सेट घेऊन आले होते. "काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल ना?" त्यांची नेहमीची थट्टा. मी तारा जोडल्या, दिवा लागला. पायांना जास्त उष्णता लागते, त्यासाठी डाग द्यायच्या इस्त्रीचं जाड टोक हवं, आणि माझं झिजलेलं होतं. नवं कपाटात होतं. उठायचा कंटाळा आला. खरं सांगते, दुसरं काही कारण नव्हतं. "तात्पुरतं झालंय, उद्या आणा, पाय पक्के करून देते," मी म्हटलं. "दिवा लागतोय ना? मग झालं तर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणला नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी उठले, कपाटातून जाड टोक काढलं, इस्त्रीला लावलं. चारही पाय एकेक करून तापवले, डाग नीट वितळून आत उतरेपर्यंत इस्त्री धरून ठेवली. स्पिरिटने पुसलं. वायर लावून वर, खाली, आडवी ओढली. सॉकेट जागचं हललं नाही. इतकं पक्कं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. करताना माझा हात एकदाही थरथरला नाही, याची मला अजून लाज वाटते.

अधिकारी आले. त्यांनी वायर लावली, हलवली, ओढली. दिवा जराही लुकलुकला नाही.

"दुरुस्त वगैरे केलाय का?" त्यांनी विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "तपासला," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. सेट सुस्थितीत, वापरणाऱ्याने चार्ज केलेला नव्हता.

पाच वाजता मी ताईकडे गेले. वाटेत स्वतःला समजावत होते, कागदच तो, ताई काय कागदाला विचारतेय! पण साहेबांचा माणूस माझ्याआधीच येऊन सगळं सांगून गेला होता. ताई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "ये. मीच मारलं गं त्यांना."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"ऐक तर. ते सेट ओट्याच्या कडेला लावायचे, वायर वाकवायचे आणि तिच्यावर वाटी पालथी घालायचे. मला दहादा बजावलं होतं, वाटी हलवू नकोस, दिवा जातो. त्या दिवशी कामावर जायच्या आधी जेवायला बसले आणि एक वाटी कमी पडली. मी तीच उचलली." तिने ओट्याकडे बोट दाखवलं. "त्यांनाच वाढलं त्या वाटीत."

माझ्याच्याने ऐकवेना. मी तिच्यापुढे बसले आणि सगळं ओकले. पाय, डाग, कंटाळा, सगळं. "वाटी लागत होती ती सॉकेट ढिलं म्हणून, आणि ते ढिलं मी ठेवलं, ताई!"

"वायर जुनी होती आमची," ती म्हणाली. "नवी आणतो म्हणत होते, मीच म्हटलं, आहे ती चालतेय. अधिकाऱ्यांनी सेट ओढून बघितला ना? पक्का होता म्हणाले."

"आज दुपारी केला पक्का! या हातांनी केला!"

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "लहानपणी मी बरणी फोडायचे आणि तू आईला सांगायचीस, 'मीच फोडली' म्हणून. अजून तशीच आहेस बघ."

"अगं, देवाशपथ खरं सांगतेय! उद्या जाऊन लिहून देते."

"लिहून दिलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," ती एकदम ओरडली. "नोकरी घालवशील. नवऱ्याला खाल्लं मी, आता बहिणीलाही खाऊ?"

मी तिला गदागदा हलवलं. शिव्या दिल्या. मी मारलं, मी मारलं, म्हणून शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने ओरडले. तिने मला जवळ ओढलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नकोस गं," ताई म्हणाली. "तुझा काय दोष त्यात?"