अठरावा बिल्ला

बेटाच्या धक्क्यावर एक लाकडी फळा होता. त्याला चोवीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबराचा पितळी बिल्ला. पाहुण्यानं उतरताना एक बिल्ला काढून जवळ ठेवायचा आणि परतताना आपल्या हातानं त्याच खिळ्याला अडकवायचा. फळा भरला म्हणजे पाहुणे सगळे होडीत आले; मुक्कामाला राहणारे आपले नंबर आधीच सांगून ठेवायचे. मग होडीवाला शेवटची खेप घेऊन निघायचा आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचा नाही. वीस वर्षांत फळ्यानं त्याला एकदाही फसवलं नव्हतं.

बाई आणि मास्तर, दोघं नवराबायको, पाठीवर पिशव्या टाकून तीन दिवस बेट पालथं घालायला आले होते. बाईंनी सगळा जन्म हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये काढला होता. एक सुई इकडची तिकडे झाली तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही, अशी बाई. मास्तर चित्रकलेचे. छत्री, चष्मा, पाकीट, काय हरवायचं म्हणून त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कपाटाची किल्ली हरवली, कुलूप फोडून दागिने काढावे लागले, तीही त्यांचीच करामत. तसं त्यांनी चारचौघांत कबूलच केलं होतं. म्हणून पहिल्या दिवशी धक्क्यावर उतरल्या उतरल्या बाईंनी सतरा आणि अठरा हे दोन्ही बिल्ले आपल्या बटव्यात टाकले. "अहो, तुमच्याकडे दिला तर मासे घालतील गळ्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा गुडघा संपावर गेला. मास्तरांना उत्तरेच्या टोकाच्या खडकांचं चित्र काढायचं होतं. ठरलं असं, की बाईंनी मधल्या वाटेनं धक्का गाठून दुपारच्या होडीनं पुढे जायचं आणि मास्तरांनी वळसा घालून शेवटच्या होडीनं यायचं. बाईंनी त्यांना ब्रेड आणि उकडलेली अंडी बांधून दिली, मोठी पिशवी स्वतः घेतली आणि बजावलं, "पाचची होडी. घड्याळ बघा, ढग बघत बसू नका."

साडेचारला बाई पलीकडच्या काठावर खोलीत मास्तरांचे मोजे वाळत घालत होत्या. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात गेला आणि साखरेची पुडी हाताला लागली. बाईंनी ती मुठीत धरली आणि मोजे तसेच टाकले. मास्तर सकाळी इन्शुलिन टोचून निघालेले. चाललं जास्त आणि खाल्लं कमी की त्यांची साखर उतरायची. आधी घाम, मग थरथर, मग जीभ जड, मग शुद्ध जायची. ती पुडी बारा वर्षं त्यांच्यासाठीच होती आणि बारा वर्षं बाईंच्याच पिशवीत होती.

'आत्ता येतीलच,' असं म्हणत बाई अलीकडच्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. वारा उठला होता. सव्वापाचला होडी लागली. अकरा माणसं उतरली. मास्तर नव्हते.

"आमचे मास्तर कुठायत?" बाईंनी विचारलं.

"कोण मास्तर?" होडीवाला दोर बांधता बांधता म्हणाला. "ताई, मागे कुणी नाही. फळा भरलाय. वारा धरला म्हणून साडेचारलाच सुटलो."

धक्क्यावरचा कारकून बाहेर आला. "माणसं मोजली नाहीस तू?"

"साहेब, फळा डोळ्यांनी बघितला. चोवीसच्या चोवीस. पोराची शपथ."

"शपथ मला नको. परवाना रद्द होईल तुझा!"

बाईंच्या डोळ्यांपुढे बटवा उभा राहिला. दुपारी बेटाच्या धक्क्यावर त्या पोचल्या, बटवा उघडला, दोन बिल्ले निघाले. सतरा सतराच्या खिळ्याला, अठरा अठराच्या. ज्याची वस्तू त्याच्या जागी. हाताला वळणच ते. वर पुन्हा फळा भरायला आपला हातभार लागला याचं समाधानही वाटलं होतं.

फळा खोटा भरला होता, तो त्यांनीच. आणि तरी तोंड उघडेना. लाज वाटली, दुसरं काही नाही. ज्या बाईनं जन्मभर नवऱ्याचा विसराळूपणा चारचौघांत मिरवला, तिनं आता काय सांगायचं? कारकून आत गेला, वही घेऊन आला, होडीवाल्याचं नाव लिहायला लागला. होडीवाला मान खाली घालून उभा. एवढा वेळ बाई गप्प राहिल्या. तो वेळ त्यांना पुढे कधी विसरता आला नाही.

"त्याचं नाव खोडा," त्या म्हणाल्या. "बिल्ला मी लावला. दोन्ही मीच लावले. ते तिकडेच आहेत, आणि त्यांचं औषधही माझ्याच हातात आहे."

होडीवाल्यानं मान वर केली. "अहो ताई, त्या फळ्यावर माझा विश्वास आहे म्हणून मी रात्री झोपतो!"

"कळतंय मला. ओरडा, पण नंतर."

कारकुनानं लाल बावट्याकडे बोट केलं. बावटा चढला की होडी सोडायची नाही, हा नियम. "सकाळी बघू. तिकडे वाडी आहे, कुणी घरात घेईल."

"वाडी दोन तासांवर आहे," होडीवाला म्हणाला. त्यानं बाईंच्या हातातल्या पुडीकडे बघितलं आणि बांधलेला दोर पुन्हा सोडला. "माझ्या फळ्यावर खोटा बिल्ला लागलाय, साहेब. तो मलाच काढायला हवा. बसा ताई. आणि वाकून बसा."

बाईंनी पुडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोलक्यात खोचली. लाटा बाजूनं येत होत्या आणि प्रत्येक लाटेला होडी चरचरत होती. होडीवाला एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं पाणी उपसत होता. बाईंनी डबा त्याच्या हातातून घेतला आणि उपसायला लागल्या. गुडघा ठणकत होता. जीव सगळा त्या काठाकडे लागला होता आणि काठ काही जवळ येत नव्हता.

अंधारून आलं तेव्हा धक्का दिसला. होडीवाल्यानं फळ्यावर बॅटरी मारली.

"अठरा नंबर नाही खिळ्याला," तो म्हणाला. "मास्तर आलेत इथवर."

"अहो!" बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही.

मास्तर फळ्याच्या खांबाला टेकून बसले होते. शर्ट घामानं चिंब, डोळे अर्धे मिटलेले, मूठ आवळलेली. बाईंनी त्यांचा गाल थोपटला. ते काहीतरी पुटपुटले, शब्द कळेना.

"अहो, तोंड उघडा. उघडा म्हणते ना!"

बाईंनी चिमूट चिमूट साखर त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. निम्मी साखर मांडीवर सांडत होती. होडीवाला बॅटरी धरून उभा. किती वेळ गेला कोण जाणे. मग मास्तरांनी घोट गिळला. नंतर दुसरा. त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं तेव्हा बाईंना रडू फुटलं.

"किती वाजता पोचलात?"

"पावणेपाचला," मास्तर सावकाश म्हणाले. "घड्याळ बघत आलो. होडी पाण्यात दिसत होती. शर्ट हलवला खूप."

जन्मात एकदा माणूस वेळेआधी आला होता. बाईंना वर बघवेना.

मास्तरांनी मूठ उघडली. आत अठरा नंबरचा बिल्ला. "फळा भरलेला बघितला, म्हटलं काढून ठेवावा. कुणी बघितलंच तर कळेल की एक माणूस मागे आहे." मग ते होडीवाल्याकडे वळले. "चूक माझी हो. मीच कधीतरी लावून टाकला असणार. विसरभोळा आहे मी, हिला विचारा."

होडीवाल्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी त्याच्याकडे.

"असू द्या मास्तर," तो म्हणाला. "आता लावा. आपल्या हातानं."

वारा थोडा पडेपर्यंत तिघं धक्क्यावरच थांबली. मग परतीच्या वाटेवर, मास्तरांना टॉवेलात गुंडाळून बसवल्यावर, बाईंनी इंजिनाच्या आवाजातच विचारलं, "अहो, लेकीच्या लग्नात ती कपाटाची किल्ली कुणी हरवली होती?"

मास्तरांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला.

"साखर आहे का गं अजून थोडी?"

बाईंनी उरलेली पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली. "राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या.